जांभ्यावरचा ठपका चुकीचा

मा. संपादक,

कोकणातील घरबांधणीवरील आपल्या लेखात जांभा ठिसूळ आणि काँक्रीट टिकाऊ, असा निवाडा दिला आहे. तो मान्य नाही.

पुरावा म्हणून लेखकाने जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चच्या झिजलेल्या भिंती पुढे केल्या आहेत. हे चर्च १६०५ साली पूर्ण झाले. त्याच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५०च्या दशकात काढला गेला आणि उघडा दगड पावसात झिजू लागला. त्याआधी जवळपास साडेतीनशे वर्षे तो टिकला, हे लेखकाने सांगितलेच नाही.

जांभ्याचा ताजा चिरा मऊ असतो, एवढे खरे. पण तो हवेवर टणक होतो. म्हणूनच जाणता गवंडी खाणीतून आलेला चिरा लगेच भिंतीत घालत नाही. भारतीय मानक जांभ्याला किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाबशक्ती मागते. बैठ्या घराला ती पुरते. जांभा पाणी पितो, तेव्हा गिलावा आणि रुंद वळचण हवीच.

काँक्रीटलाही अटी आहेत. किनाऱ्यालगत मानकानुसार किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागते. इथेच काटकसर होते. मग खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबखालचे पापुद्रे घरातल्या माणसांच्या डोक्यावर पडतात. लेखात या गंजाचा उल्लेखही नाही.

चर्चबाबतची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी