वाफेचे इंजिन आणि त्याचा मुखवटा

#धागा

१/ ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद अशी एक ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. पुढे काळेभोर इंजिन, त्यावर धुराडे, गोल बॉयलर, सारे जागच्या जागी. वाफ मात्र नाही, कारण हे इंजिन विजेवर चालते. आपल्या नेरळ-माथेरानच्या एका डिझेल इंजिनालाही असाच वेष चढवण्यात आला. अशा छायाचित्रांखाली ‘वारसा जपला’ असे अभिमानाने लिहिलेले वाचले आणि हा धागा लिहायला बसलो.

२/ माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे भांडायचे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. वाफेचे इंजिन जपायचे तर ते खोलता, जोडता, पेटवता आणि हाकता येणारी माणसे पिढ्यानपिढ्या तयार होत राहिली पाहिजेत. ब्रिटनमध्ये हे काम पाऊणशे वर्षे प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालले आहे. आपण तिकडून घेतला तो फक्त धुराड्याचा आकार.

३/ सुरुवात वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेपासून. डोंगरातल्या खाणीतला पाटीचा दगड समुद्रकाठच्या टाउइन गावात आणण्यासाठी १८६० च्या दशकात घातलेली ही चिमुकली लाइन. दोन रुळांतले अंतर अवघे सव्वादोन फूट. इंजिने दोनच : ‘टॅलिथ्लिन’ आणि ‘डॉलगॉख’. १९११ मध्ये खाण आणि लाइन हेन्री हेडन जोन्स या खासदाराने विकत घेतली. १९४६ मध्ये खाण बंद पडली, तरी आपण हयात असेपर्यंत गाडी चालेल हा शब्द त्याने पाळला. ब्रिटिश रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाच्या यादीत या लाइनचे नावच नव्हते. सरकारला ती घेण्याच्याही लायकीची वाटली नसावी.

४/ २ जुलै १९५० रोजी जोन्स वारले. आता रूळ उखडून भंगारात जाणार हे उघड होते. ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने सुमारे सत्तर माणसे जमली. रोल्ट शिक्षणाने यंत्रज्ञ आणि वृत्तीने लेखक. इंग्लंडच्या विस्मृतीत गेलेल्या कालव्यांसाठी त्यांनी आधीच एक लढाई अंगावर घेतली होती. या सभेतून जी संस्था उभी राहिली, तिने १४ मे १९५१ रोजी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

५/ त्या पहिल्या मोसमाचे वर्णन ‘रम्य’ म्हणून करणाऱ्यांनी रुळांची अवस्था लक्षात घ्यावी. स्लीपर इतके कुजले होते की रूळ जागेवर धरून ठेवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी गवताची मुळे करत होती. चालण्याजोगे इंजिन एकच, ‘डॉलगॉख’, तेही पंच्याऐंशी वर्षांचे. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची त्याच दुर्मीळ मापाची दोन इंजिने मिळाली. त्यांतल्या एकाच्या चाकांची धाव अरुंद असल्याने ते फाकलेल्या रुळांमध्ये वारंवार उतरू लागले. दुसरे लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने फुकट दुरुस्त करून दिले, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. हौशी लोकांना रेल्वे चालवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पहिली दोन वर्षे जवळजवळ खरे होते, हे प्रामाणिकपणे लिहिलेच पाहिजे.

६/ पण ते पूर्ण खरे ठरले नाही, आणि का ठरले नाही यातच या धाग्याचा गाभा आहे. लाइनवरचे जुने कामगार तेव्हा हयात होते. सुट्टीच्या दिवशी शहरातून आलेले कारकून, शिक्षक, विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले. ही भेट दहा वर्षांनी लांबली असती, तर शिकवणारे कितीजण उरले असते?

७/ हे ज्ञान म्हणजे नेमके काय, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण मुखवटा घडवणाऱ्याला नेमके तेच नको असते. वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. गाडी सकाळी दहाला सुटायची असेल तर माणूस पहाटेच शेडमध्ये हवा. आधी काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहायची, तीही नळीच्या चाव्या उघडून, कारण तुंबलेली नळी खोटे बोलते. मग कालची राख ओढायची, धुराच्या नळ्यांतली काजळी गजाने झाडायची आणि तेलात भिजलेल्या चिंध्या व लाकडावर आग धरायची.

८/ आणि मग थांबायचे. घाईने तापवले तर भट्टीचे पत्रे एका गतीने फुगतात, भोवतालचे दुसऱ्या. सांधे ताणले जातात, नळ्या गळू लागतात. भट्टीच्या माथ्यावर शिशाची बूच बसवलेली असते. पाणी त्या पातळीखाली गेले तर शिसे वितळते आणि वाफ सुटून आगीवर येते. फायरमनला मिळणारा हा शेवटचा इशारा. चांगल्या फायरमनला तो आयुष्यात एकदाही मिळत नाही.

९/ बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर नावाचे उपकरण असते. ते नीट लागले की त्याचा आवाज बदलतो. हा बदल कानाला कळावा लागतो. धुराचेही तसेच. काळाकुट्ट धूर निघतो आहे म्हणजे आगीला हवा कमी पडते आहे आणि कोळसा वाया जातो आहे. सिनेमातले इंजिन नेमके तसाच धूर ओकत असते, कारण तो कॅमेऱ्यात छान दिसतो! खरा फायरमन अशा धुराने ओशाळतो.

१०/ म्हणूनच ब्रिटनच्या वारसा-रेल्वेंवर नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी कोळशाच्या फावड्याला हात लावत नाही. त्याच्या हाती फडके देतात. तो चाके, दांडे, चौकट पुसतो. पुसता पुसता बोटाला तडा लागतो, सैल झालेली पाचर दिसते. सफाई म्हणजेच तपासणी, हा जुन्या शेडचा शिरस्ता आहे. मग परीक्षा देत तो फायरमन होतो आणि ड्रायव्हर होईपर्यंत अनेक वर्षे जातात. बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण उतरवून उघडावा लागतो. तेव्हा हीच मंडळी कित्येक शनिवार-रविवार काजळीत माखलेली असतात. त्यांच्यावर सरकारी निरीक्षकांची नजर असते आणि हौशी म्हणून अपघाताच्या जबाबदारीतून कोणाला सूट मिळत नाही.

११/ आता भंगाराची एक गोष्ट. दक्षिण वेल्समध्ये बॅरी येथे डाय वुडहॅम यांचे भंगाराचे आवार होते. ब्रिटिश रेल्वेने काढून टाकलेली सुमारे तीनशे वाफेची इंजिने त्यांनी विकत घेतली, पण मालडबे तोडणे सोपे म्हणून आधी ते तोडायला घेतले. इंजिने खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. १९६८ पासून स्वयंसेवकांचे गट पैसे जमवून एकेक इंजिन सोडवून नेऊ लागले. १९९० पर्यंत २१३ इंजिने तिथून सुटली. त्यांतली बरीच आज चालतात. काही मात्र अजूनही कुठल्याशा शेडमागे गंजत पडून आहेत, कारण उत्साहाने इंजिन विकत घेता येते, बॉयलर भरता येत नाही. हेही त्याच इतिहासात आहे.

१२/ कौशल्य तुटले की काय होते, याचे उदाहरण ‘टॉर्नेडो’. पेपरकॉर्न ए-वन वर्गाची ४९ इंजिने होती, सगळी भंगारात गेली. १९९० मध्ये काही हौशींनी पन्नासावे नव्याने बांधायचे ठरवले. ते २००८ मध्ये चालू झाले, लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर. पण त्याचा बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यातून आणावा लागला. स्टीफन्सनच्या देशाला आपल्या इंजिनाचा बॉयलर परक्या कारखान्याकडून घ्यावा लागला, कारण तिथे ते काम खंडित झाले नव्हते.

१३/ आक्षेप येणारच. पहिला : ‘ही गोऱ्यांची वसाहतवादी खेळणी, आपल्याला काय त्यांचे?’ ज्यांना असे वाटते त्यांनी तारीख पाहावी. बर्मिंगहॅममध्ये ती सभा भरली त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५० रोजी, चित्तरंजनच्या कारखान्यातून ‘देशबंधू’ हे पहिले इंजिन बाहेर पडले. तिकडे वाफ वाचवण्याची धडपड सुरू होत होती, इकडे स्वतंत्र भारत ती नव्याने घडवत होता. १९७२ पर्यंत चित्तरंजनने २,३५१ वाफेची इंजिने बांधली. ती कोणत्या साहेबाची खेळणी?

१४/ दुसरा आक्षेप कोळशाचा. तो खोटा नाही. ब्रिटनमध्ये वेल्सची फॉस-ई-फ्रान खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि वारसा-रेल्वेंना आयात कोळशाकडे किंवा कोळशाच्या भुकटीपासून दाबून केलेल्या गोळ्यांकडे वळावे लागले. हा प्रश्न त्यांना सोडवावाच लागेल. पण डिझेल इंजिनाला धुराडे चिकटवून पर्यावरण वाचवल्याचा आव आणू नये.

१५/ तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : ‘आपल्याकडे हे काम रेल्वेचे पगारी कामगार करतात आणि उत्तम करतात, मग हौशींची गरज काय?’ उत्तम करतात यात शंकाच नाही. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या लाइनींवर आजही वाफ आहे. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीसाठी या शतकात नवी वाफेची इंजिने बांधून दिली. रेवाडीच्या शेडने १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ सांभाळली. या माणसांपुढे मी हात जोडतो.

१६/ पण हे सारे एका खात्याच्या इच्छेवर टेकलेले आहे. अधिकारी बदलला, निधी आटला, मुख्य फिटर निवृत्त झाला की शेडला कुलूप लागू शकते. ते उघडावे म्हणून रविवारी दारात उभा राहणारा बाहेरचा माणूस आपल्याकडे कुणी नाही, कारण त्याला आत कधी घेतलेच नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली लँगोलेन रेल्वे चालवणारी कंपनी कर्जाखाली बुडाली, तरी लाइन उरली. मागे स्वयंसेवकांची संस्था होती.

१७/ महाराष्ट्राला तर श्रमदान शिकवण्याची गरज नाही. दर रविवारी शेकडो पोरे गडावर घमेली घेऊन चढतात, टाक्यांतला गाळ उपसतात, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात. त्यांतल्या काहींनी अतिउत्साहात जुन्या चिऱ्यांवर सिमेंट थापले, हेही आपण पाहिले आहे. म्हणून गडाचे दार कुणी बंद केले नाही. जाणकारांच्या देखरेखीखाली काम करा, असे सांगितले. इंजिनाला हाच न्याय का नसावा?

१८/ माथेरानच्या लाइनवर १९०७ पासून ऑरेनस्टाइन अँड कोपेलची चार इंजिने धावत होती. चाके वळणावर आडवी सरकावीत अशी खास रचना असलेली, या घाटासाठीच घडवलेली. त्यांतले ७४० क्रमांकाचे समुद्र ओलांडून इंग्लंडात लेटन बझार्डला पोहोचले. ती वाळूच्या खाणींची जुनी लाइन १९६८ पासून स्वयंसेवक चालवतात. नेरळच्या घाटाचे इंजिन परक्या मुलखातल्या स्वयंसेवकांच्या दारात, आणि नेरळला डिझेलला चढवलेला वेष.

१९/ मागणी मोठी नाही. अख्खी घाटलाइन कुणी मागत नाही. ठिकठिकाणच्या स्थानकांबाहेर चौथऱ्यावर दर दिवाळीला रंग चढवून उभी केलेली इंजिने आहेत. त्यांतले एक खाली उतरवा. एक शेड, तीन-चारशे मीटर रूळ, निवृत्त झालेले दोन-तीन बॉयलरवाले आणि शिकायला येणारी वीस मुले-मुली. बॉयलर चालण्याच्या लायकीचा नसेल तर तो नाही हे ठरवण्याइतके शिक्षण तरी होईल. पहिली पाच वर्षे इंजिन हलणारही नाही. मुले फडके मारतील, गंज खरवडतील, नळ्या मोजतील, आणि ते म्हातारे ओरडतील.

२०/ ‘विमा कोण काढणार, परवानगी कोण देणार?’ असे काल एका वाचकाने विचारले. टॅलिथ्लिनच्या वेळीही हेच प्रश्न होते आणि तिथेही एकेका कागदाने सुटले. ज्यांनी रेल्वेच्या शेडमध्ये काम केले आहे किंवा ज्यांच्या वडिलांनी-आजोबांनी केले आहे, त्यांनी खाली प्रतिसादात जरूर लिहावे : कोणत्या शेडमध्ये, कोणत्या साली, आणि इंजेक्टर लागल्याचा आवाज त्यांना अजून आठवतो का.