ईश्वर प्रकट होतो, धम्म शोधावा लागतो

यवतमाळच्या आमच्या अभ्यासवर्गात परवा एका पोरानं प्रश्न टाकला, "दादा, ख्रिस्ती लोक म्हणतात देव माणसाशी बोलला. म्हणजे तेही अंधश्रद्धाळूच ना?" बाकीचे हसले. मला हसता आलं नाही. ज्याचं खंडन करायचं ते आधी मुळातून वाचायचं, ही बाबासाहेबांची रीत. आपण न वाचताच हसणार असू, तर आपल्यात आणि भक्तांत फरक काय?

हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशातली नामांकित ख्रिस्ती धर्मशास्त्र शाळा १९५३ साली याच यवतमाळात उभी राहिली आणि १९८३ साली पुण्याला गेली. तीस वर्षं आपल्या गावात हाच प्रश्न शिकवला गेला, की ईश्वर माणसाला कळतो कसा?

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. माणूस स्वतःच्या बुद्धीनं ईश्वरापर्यंत पोहोचू शकत नाही, ईश्वरच स्वतःला उघड करतो. याला ते प्रकटीकरण म्हणतात. त्याचे दोन प्रकार. पहिलं सर्वांसाठी खुलं असलेलं: आकाश, सृष्टी आणि माणसाच्या आतली सदसद्विवेकबुद्धी. एकोणिसावं स्तोत्र आणि पौलाचं रोमकरांस पत्र यांचा आधार त्यासाठी दिला जातो. दुसरं विशेष: संदेष्ट्यांच्या तोंडून, बायबलमधून आणि शेवटी येशूच्या रूपानं. त्यांच्या मते ईश्वर पूर्णपणे कळला तो एका सुताराच्या घरात वाढलेल्या आणि क्रूसावर मारल्या गेलेल्या माणसात.

आता याची वेदांशी तुलना करा. वेदही अपौरुषेय, म्हणजे कुणा माणसानं न रचलेले मानले गेले. पण ते ऐकायचे कुणी? शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेला रस ओतावा, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. उलट पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली ते छापून निघालं. एकीकडे देवाचा शब्द ऐकला म्हणून शिक्षा, दुसरीकडे तो शब्द घराघरांत पोहोचवायची धडपड. हा फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचं आपल्याला आकर्षण असल्याचं सांगितलं होतं. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवरही त्यांनी बोट ठेवलं होतं.

मग बाबासाहेब तिकडे का गेले नाहीत? कारणं अनेक आहेत, पण या विषयापुरतं कारण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सापडतं. प्रेषितामार्फत आलेला ईश्वरी संदेश आणि माणसानं लावलेला शोध यांत ते स्पष्ट भेद करतात. बुद्धाचा धम्म हा माणसाच्या जगण्यातल्या दुःखाची चौकशी करून लागलेला शोध आहे. बुद्धानं स्वतःला ना ईश्वराचा पुत्र म्हटलं, ना प्रेषित. तो मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे.

हा भेद शब्दांचा खेळ नाही. संदेश ईश्वराचा आहे असं एकदा मानलं की माणसाच्या हाती उरतो तो फक्त अर्थ लावणं. मूळ संदेश चुकीचा आहे असं म्हणायची सोय राहत नाही. जात टिकली ती याच कुलपामुळे. म्हणून 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी सहभोजन आणि आंतरजातीय विवाह यांवर न थांबता शास्त्रांच्या पावित्र्यावरच घाव घातला. देवाचा शब्द प्रेमाचा असला तरी तो तपासता येत नसेल, तर समतेची हमी कोण देणार? चर्चमधली जात याच ठिकाणी आपल्याला सावध करते. शब्द समतेचा असूनही माणसं जात सोबत घेऊन आत गेली.

आता खरा कडू घोट. हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो. आपल्या वस्त्यांत बाबासाहेबांच्या फोटोपुढे नारळ फुटतात. बाबासाहेब 'अवतरले' अशी भाषा गाण्यांतून, भाषणांतून सर्रास येते. कुणी त्यांच्या एखाद्या मतावर प्रश्न विचारला की त्याला गद्दार ठरवलं जातं. हे प्रकटीकरण नाही तर काय आहे? २२ प्रतिज्ञा घेताना आपण अवतारवाद नाकारला आणि मागच्या दारानं तोच घरात घेतला. आपल्या पश्चात धम्मच मार्गदर्शक राहील म्हणून वारस नेमायला नकार देणाऱ्या बुद्धाचे अनुयायी आपण. मग गादी कुणासाठी मांडतोय?

म्हणून मित्रांनो, शेजारच्या ख्रिस्ती मित्राशी जरूर वाद घाला, पण त्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या. त्याला विचारा, हे तपासायचं कसं? आणि घरी आल्यावर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडून तोच प्रश्न स्वतःला विचारा. त्या प्रश्नाला घाबरत नाही तोच धम्म.

जय भीम!