फेकण्याआधी ओळखा

माळा आवरताना किंवा भंगार निवडताना काळ्या, चौकोनी, पातळ वस्तू हाती येतात. मुले विचारतात, ‘हे काय?’ ही फ्लॉपी. आज पेनड्राइव्ह करतो ते काम पूर्वी हीच करीत असे.

ओळख मापावरून पटते. आठ इंचांची मऊ फ्लॉपी सर्वांत जुनी. मोठ्या संगणकात सुरुवातीच्या सूचना भरण्यासाठी आयबीएम कंपनीने ती १९७१ साली आणली. सव्वापाच इंचांची १९७६ साली आली, तीही वाकते. साडेतीन इंचांची, कडक प्लॅस्टिकची, सरकत्या पट्टीची फ्लॉपी सोनीने १९८१ साली काढली. पट्टीच्या विरुद्ध बाजूला एका कोपऱ्यात खिटीचे भोक असते. दुसऱ्या कोपऱ्यातही भोक असेल, तर तिच्यात १.४४ एमबी मावते. नसेल तर बहुधा ७२० केबी.

आज मोबाईलचा एक फोटोही तिच्यात मावणे कठीण. पण टाइप केलेली शेकडो पाने मावत! म्हणून भंगारात देण्याआधी विचार करा. आत मंडळाचा जुना हिशेब असेल, वडिलांनी टाइप करून घेतलेला लेख असेल.

साडेतीन इंचीची खिटी सरकवून भोक उघडे ठेवा, म्हणजे मजकूर चुकून पुसला जाणार नाही. चकतीवर बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका. लोहचुंबक दूर ठेवा. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. मोठ्या मापांना जुनीच यंत्रे लागतात.

सोनीनेही २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली. चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो आहे. नक्कल करून घ्यायची तर आताच घ्या!