सण आला की घरधनी गप्प का होतो?



श्रावणातल्या अमावास्येला पोळा आणि आश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजन. मध्ये बरोबर दोन महिने. पंचांगात हे सणांचे दिवस आहेत. कोरडवाहू कापूसवाल्याच्या घरात मात्र वर्षातली सर्वांत मोठी तंगी याच दिवसांत असते. बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचा पैसा जमिनीत गेलेला असतो. कृषी केंद्राची उधारी वहीत चढलेली असते आणि पऱ्हाटीवर अजून पात्या-फुलेच असतात. पहिला वेचा दसऱ्याच्या पुढेमागे येतो, तोही ओला. खर्चाची तारीख पंचांगाने ठरते, पैशाची तारीख बोंड फुटण्यावर आणि बाजारावर ठरते. या दोन तारखांच्या मधल्या फटीत आपली माणसे अडकतात.

ही फट नेहमीच एवढी रुंद नव्हती. खरिपाची ज्वारी घरात येत होती तेव्हा निदान धान्य आणि कडबा घरचा होता. पोळ्याला बैल घरचे होते, पुरणाला डाळ घरची होती. आज खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले. ज्याच्या दावणीला जोडी नाही तो पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली काय घेऊन उभा राहणार? मातीच्या बैलांची पूजा करून तो घरात बसतो. गहू, डाळ, गूळ, तेल, कपडे हे सगळे रोखीने. लेक माहेराला येणार, जावयाचा पहिला दिवाळसण असेल तर त्याचे मानपान, सालदाराचे कपडे, पोरांचे फटाके. यातले एकही मागणे चुकीचे नाही. म्हणून तर ते नाकारताना माणूस आतून तुटतो.

2025 सालचीच गोष्ट घ्या. त्या वर्षी पोळा 22 ऑगस्टला होता. त्याच्या तीन दिवस आधी, 19 ऑगस्टला, कापसावरचा 11 टक्के आयातकर केंद्र सरकारने उठवला. आधी ही सूट 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला पहिला आणि दुसरा वेचा बाजारात येण्याचा नेमका काळ. मराठवाड्यात तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभी पिके आणि माती वाहून नेली होती. अशा वर्षी घरधनी दिवाळीला गप्प झाला, तर त्याच्या स्वभावाला बोल लावून काय उपयोग?

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मनाच्या ताणाचा विषय काढला की आपले काही जुने कार्यकर्ते चिडतात. त्यांचे म्हणणे असे की भाव द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल. समुपदेशनाच्या गोष्टी म्हणजे शेतकऱ्यालाच वेडा ठरवण्याचा डाव. हा राग आम्हाला समजतो. शेतकरी मरतो तो दारूने, व्यसनाने, लग्नखर्चाने, असे सांगून धोरणाचे पाप झाकण्याचा प्रयत्न आपण वर्षानुवर्षे पाहिला आहे. पण भावाची लढाई वर्षांची असते आणि दिवाळी दोन महिन्यांवर असते. लढाई जिंकेपर्यंत लढणारा माणूस जिवंत राहिला पाहिजे, धड राहिला पाहिजे. हे काम आंदोलनाला सोडून नाही, आंदोलनाचेच आहे.

शेतीशास्त्र शिकल्यामुळे आम्हाला एक उदाहरण राहून राहून आठवते. पाण्याचा मोठा ताण बसलेल्या पऱ्हाटीवर अचानक जोराचा पाऊस पडला आणि पाणी साचले की हिरवेगार, बोंडांनी लदलेले झाड एका दिवसात मान टाकते. याला आकस्मिक मर म्हणतात. ही बुरशी नाही, बियाण्याचा दोष नाही. मुळांना हवा मिळत नाही, आणि वरचा भार मात्र तेवढाच असतो. बहुतेक वेळा मरते ते जोमदार, जास्त बोंडे धरलेले झाड. आणि वेळेत, पहिल्या एक-दोन दिवसांत चर काढून पाणी बाहेर काढले, मुळाशी आळवणी केली, तर त्यातली बरीच झाडे उठतात. घरातल्या कर्त्या माणसाचे असेच होते. जून-जुलैचा ताण त्याने सोसलेला असतो. सणाचा भार त्यावर एकदम येतो. शेतात एक झाड सुकलेले दिसले तर आपण बांधावरून उतरून मुळाशी उकरून पाहतो. शेजारचा माणूस सुकला तर मात्र म्हणतो, त्याच्या घरचा मामला आहे.

सुकलेला माणूस ओळखावा कसा? झोप मोडते, पहाटे तीनला डोळे उघडतात ते मिटतच नाहीत. जेवण कमी होते. पारावर येणे बंद होते. एरवी न रागावणारा माणूस पोरांवर खेकसतो, किंवा काहीच बोलत नाही. फवारणी राहिली, डवरणी राहिली तरी शेतात जात नाही. पोळ्याच्या करीला घेतलेली दारू मग रोजची होते. असे पंधरा दिवसांहून जास्त चालले तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. बाईमाणसात हे वेगळे दिसते: अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, विनाकारण रडू. तिचा ताण तर कोणी मोजतच नाही. उसने मागायला शेजारी तिलाच पाठवतात, आणि सण साजरा झालेला दिसला पाहिजे ही जबाबदारीही तिचीच.

आणि जो माणूस ‘आता माझे काही खरे नाही’, ‘माझ्यामागे पोरांकडे बघा’ असे बोलतो, हिशेब, कागद दुसऱ्याच्या हाती देऊ लागतो, त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे मनात येते का? विचारल्याने ते मनात शिरते ही समजूत खोटी आहे. विचारल्याने बहुधा ओझे उतरते. होय म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फवारणीचे औषध एरवीही लागेल तेवढेच आणावे, उरलेले घरात न ठेवता कुलुपात ठेवावे, किल्ली दुसऱ्याकडे असावी. श्रीलंकेने 1995 पासून अत्यंत जहाल कीटकनाशकांवर बंदी घालत नेली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाल्या. वाईट घटका टळली की माणूस बहुधा वाचतो.

पोलिसांच्या भीतीने लोक या गोष्टी लपवतात. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे तो धरतो आणि त्याची काळजी घेणे सरकारवर टाकतो. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने 309 कलम ठेवलेलेच नाही. तेव्हा दवाखान्यात खरे सांगायला घाबरू नका.

गावपातळीवर याचा उपयोग होतो का, असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे केले, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी 4.3 टक्के होते, ते 27.2 टक्के झाले. म्हणजे मदत घ्यायला लोक तयार असतात, दारापर्यंत कोणी यायला हवे.

आता पैशाचे. दिवाळीच्या आधी गाडी घेऊन दारात येणारा व्यापारी आपली नड ओळखून येतो. समजा घरात पहिल्या वेच्याचा दहा क्विंटल कापूस आहे आणि तो 6,800 देतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता. दहाही क्विंटल दिले तर 13,100 रुपये सोडले. दिवाळीला लागणार होते पंधरा हजार. त्याला अडीच क्विंटल पुरतात, 17,000 हाती येतात आणि सोडावे लागतात 3,275. बाकीचा वाळवून ठेवा. सीसीआय 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, 12 टक्क्यांपर्यंत कापून घेते, त्यापुढे गाडी परत. घरात कापूस भरला की पोरांना खाज सुटते, झोपायला जागा राहत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरीही साडेसात क्विंटलची खाज सोसण्याजोगी आहे. मात्र 2025 मध्ये खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी नोंदणी लागत होती, त्यात कित्येक अडकले. आपल्या केंद्रावर काय लागते ते वेचणीआधीच विचारून ठेवा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून कागदावर मांडावा. कोणाचे किती, कोण थांबेल, कोण थांबणार नाही. डोक्यात फिरणारे कर्ज नेहमी कागदावरच्या कर्जापेक्षा मोठे असते. लेकीला आधीच सांगा, यंदा साडी नाही, ये मात्र जरूर. ती समजून घेते. न सांगता तोंड लपवणारा बाप तिला समजत नाही.

गावाने एकत्र ठरवले तर आणखी सोपे. पोळ्याला ज्याच्याकडे जोडी नाही त्याला पूजेचे ताट धरायला तोरणाखाली बोलवा. वर्गणीचा आकडा दारात उभे राहून ठरवू नका. ज्या घरात यंदा माणूस गेला आहे तिथे दिवाळीला फराळाचे ताट घेऊन दोन बायांनी जावे, तासभर बसावे.

टेलि-मानसचा क्रमांक 14416. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. गोळ्या चालू झाल्या तर मनाने बंद करू नयेत. हा क्रमांक प्रत्येक कृषी केंद्राच्या आणि जिनिंगच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावायचा आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने दोन नावे आणावीत, एक पुरुष, एक बाई. पोळ्यापासून भाऊबिजेपर्यंत आपल्या गावातल्या गप्प झालेल्या घरांत जाऊन बसण्याची जबाबदारी त्यांची. भाषण येणारा माणूस नको, ऐकून घेणारा पाठवा.