मुक्या बटणांचा प्रश्न
सिरोंच्याच्या अंध विद्यार्थ्याला घरबसल्या व्याख्याने ऐकता येतात, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु संकेतस्थळ रचणाऱ्याने व्याख्यान सुरू करण्याच्या बटणाला नावच दिले नसेल, तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा एनव्हीडीए नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली आरंभिलेल्या या विनामूल्य प्रणालीस पायथॉन भाषेत पूरक आज्ञावली जोडून जाणकार या मुक्या बटणांना नावे देतात. कौतुकास्पदच! पण संकेतस्थळाची मांडणी बदलली की ती मेहनत वाया जाते. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ ने ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. मग डागडुजी अंधानेच का करावी? व्याख्यान प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधितांनी पडदा झाकून, केवळ कळफलकावर ते एकदा चालवून पाहावे.