फुकटच्या खताची मजुरी

बागांतला पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्या जाळण्याऐवजी कुजवायच्या, बारीक करायच्या आणि ते खत किंवा आच्छादन रहिवाशांना फुकट द्यायचं, ही योजना मला मनापासून पटते. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून दोन-तीन इंचांचा थर पसरला की ओल टिकते, तण दबतं. माझा आक्षेप खताला नाही, ‘फुकट’ या शब्दाला आहे.

दिल्लीचं उदाहरण घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथले कडुनिंब-पिंपळ पानं गाळतात आणि रस्ते भरून जातात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये पानं, कचरा उघड्यावर जाळायला बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. निर्णय योग्यच होता. पण काडी लावणं बंद झालं की झाडणं, वाहणं, निवडणं, खड्ड्यात भरणं आणि पुन्हा उलथणं सुरू होतं. हे वाढलेलं काम कोणाच्या अंगावर पडलं? झाडूकामात तिथे पिढ्यान्‌पिढ्या बहुसंख्य वाल्मिकी समाजच आहे, म्हणजे उत्तर शोधायला लांब जायला नको.

शिवाय पाचोळा कधी नुसता पाचोळा नसतो. त्यात काच असते, सुई असते, कागदात न गुंडाळलेलं डायपर असतं. ते वेगळं काढणारे हात असतात. कुजणारा ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो आणि फावड्याने उलथताना बुरशीची धूळ थेट छातीत जाते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने हातमोजे, बूट, मास्क आणि रेनकोट देणं बंधनकारक केलं होतं. किती खड्ड्यांवर ते दिसतात, हे जाऊन पाहावं.

त्याच ढिगाची तपासणी करणारा ‘उद्यान तज्ज्ञ’, तो उलथणारा मात्र ‘सफाईवाला’. जात ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. यंत्र आलं, तरी यंत्राच्या तोंडात फांद्या घालणारा कोण, हे आडनावावरून ओळखता येतं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणीतरी हा खराटा धरलेला आहे. आज आपण सोसायटीत राहतो, कुंड्यांसाठी तीच पिशवी आणतो. आणावी, जरूर आणावी. पण पिशवीवर मजुरीचा आकडाही छापा, असं मी म्हणेन. आणि पदवी आहे तर ती इथे वापरू या: दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात ठेक्याची प्रत, मजुरीचा दर, भविष्य निर्वाह निधीचा भरणा आणि वर्षभरात वाटलेल्या मास्कची संख्या मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘माहिती ठेकेदाराकडे आहे’ असं उत्तर आलं, तर ते हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा.