मूठ कुणाच्या मापाची?

मागच्या महिन्यात दादाची बाईक घेऊन एका बातमीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. जाताना मजा आली. येताना संध्याकाळचं ट्रॅफिक लागलं आणि क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटं अक्षरशः वळेनात. घरी दादाचं वाक्य तयारच होतं, ‘तरी सांगत होतो, तुला नाही झेपणार. स्कूटी बरी.’ मीही मान्य केलं. आपल्याच हातात दम नाही, म्हटलं.

मग फिजिओथेरपी शिकणाऱ्या मैत्रिणीनं मला तिच्या डिपार्टमेंटला नेलं. तिथे पकड मोजायचं यंत्र असतं, डायनॅमोमीटर. खुर्चीत बसायचं, कोपर काटकोनात ठेवायचं आणि यंत्राची मूठ जीव खाऊन आवळायची. असं तीनदा, मग सरासरी. माझी आली २४ किलो, सोबतच्या वर्गमित्राची ४३. त्याची कॉलर लगेच टाईट! पण मैत्रिणीनं यंत्राची मूठ सरकवून रुंद केली आणि मला पुन्हा दाबायला लावलं. आकडा आला १९. हात तोच, माणूस तेच. बदलली होती फक्त मूठ.

म्हणून तर या यंत्राच्या मुठीला पाच जागा असतात. बोटं नीट पोचलीच नाहीत, तर असलेला जोरही लागत नाही. म्हणजे ताकद निम्मी हातात असते आणि निम्मी वस्तूत!

बायकांची पकड सरासरीनं पुरुषांच्या साधारण ६० टक्के भरते. त्यामुळे सरासरी पुरुषाचा हात धरून वस्तू घडवली, की बहुतेक मुली आपोआप बाद. एर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाच्या मापानं वस्तू घडवायचं शास्त्र, वेगळंच सांगतं. शंभर जणांना ताकदीप्रमाणे ओळीत उभं करा आणि खालून पाचव्याला झेपेल इतकाच जोर लागू द्या.

त्यासाठी आधी मोजायला हवं. जगभर दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या १९८५च्या तक्त्यांचा. तिथल्याच २०१६च्या एका अभ्यासात तिशीच्या आतल्या मुलांची पकड त्या तक्त्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे तो तक्ता ना आपल्या देशाचा, ना आपल्या पिढीचा. आपल्याकडे काम झालंय. अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची मापं आणि ताकद मोजली. मग कॉलेजातल्या हातांचं काय? फिजिओच्या मुलांकडे यंत्र आहे, इंजिनीअरिंगवाल्यांना दरवर्षी प्रोजेक्टला विषय हवा असतो. दोघांनी मिळून आपापल्या कॉलेजातले हात मोजायला काय हरकत आहे?

‘त्यापेक्षा जिमला जा’ असा सल्ला मिळेलच. जरूर जाऊ, पकड चांगली असणं तब्येतीलाही चांगलंच. पण जिमनं ताकद वाढेल, बोटांची लांबी नाही वाढणार.

परवा गॅरेजवाल्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी क्लचच्या केबलला ऑईल घातलं आणि जवळ-लांब करता येणारी लिव्हर बसवली. अर्ध्या तासाचं काम. काल त्याच रस्त्यानं, त्याच ट्रॅफिकमधून आले. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तुला नाही झेपणार’ म्हणालं, की लगेच मान डोलावू नका. आधी विचारा, ही मूठ कुणाच्या मापाची आहे?